आधी तुमचा अंगठा, साहेब

लोणावळ्याच्या तुंगार्लीत शनिवार-रविवारसाठी बंगला घ्यायचा तर आधी आधार. बारा जण येणार असतील तर बाराही जणांचे, पुढून आणि मागून, केअरटेकरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. पुसट फोटो चालत नाही. पोलिसांचा नियम आहे म्हणतो, आणि नियम चांगलाच आहे. गावात कोण कुठून उतरलंय हे कळायला हवं. त्यामुळं आजच्या घडीला लोणावळ्यातल्या केअरटेकरांच्या मोबाइलमध्ये अर्धी डोंबिवली आणि पाऊण ठाणं जन्मतारखेसकट साठून आहे.

आता त्याच बंगल्याच्या फाटकाशी उभं राहून उलटे प्रश्न विचारा. या वरच्या मजल्याला परवानगी कोणी दिली? पोहण्याचा तलाव मंजूर नकाशात आहे की मालकाच्या मनात? ओढ्याला चिकटून उठलेली ही भिंत बघायला कोण आलं होतं, कोणत्या तारखेला, आणि बघून काय लिहून गेलं? एका रात्रीच्या पाहुण्याचा बारा आकडी नंबर क्षणात मिळतो. भिंत तिथंच राहणार आहे, पण तिच्या कागदावर सही कोणाची हे विचारलं की उत्तर ठरलेलं: "ते साहेब बदलून गेले." कुठं गेले? "ते आता सांगता येणार नाही."

आपल्याकडं माणसाची ओळख पटवणारं जे जे यंत्र येतं, त्याचं तोंड खालच्या बाजूलाच असतं. ते एकदा वरच्या बाजूला फिरवून बघावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

सुरुवातच तशी झाली. २९ सप्टेंबर २०१०, नंदुरबार जिल्ह्यातलं टेंभली. देशातला पहिला आधार क्रमांक तिथल्या एका आदिवासी बाईंना मिळाला, पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधींच्या समक्ष. मांडव पडला, फोटो निघाले. तेव्हाच कुणीतरी हात वर करायला हवा होता. त्या बाईंना अख्खं टेंभली ओळखत होतं. ओळख पटत नव्हती ती टेंभलीच्या नावानं निघालेले पैसे वाटेत उतरवून घेणाऱ्यांची. पहिला नंबर त्यांना द्यायला हवा होता. पण त्यांना मांडवात पुढच्या रांगेत बसवायची पद्धत आहे.

रेशनच्या दुकानात ई-पॉस मशीन आलं ते चोरी थांबवायला. बोगस शिधापत्रिका त्यामुळं गेल्या, हे मान्य. पण अंगठा कोणाचा घेतात ते बघा. मावळात भाताची लावणी करून आलेल्या बाईचे हात कधी पाहिलेत? दिवसभर चिखलात राहून बोटांची टोकं पांढरी पडलेली, सुरकुतलेली, रेघ म्हणून शिल्लक नाही. ती मशीनवर अंगठा ठेवते. तांबडा दिवा. पदराला पुसून पुन्हा ठेवते. तांबडा. "मावशी, दुसरं बोट लावा." मग तर्जनी, मग मधलं, मग डाव्या हाताची सुरुवात. मागची रांग कुरकुरायला लागते. हिरवा दिवा लागायच्या बेतात असतो तेवढ्यात रेंज जाते. पाच किलो धान्यासाठी बाई दहा बोटांची परीक्षा देते. तेच पोतं गोदामातून निघालं तेव्हा किती भरलं, कोणी मोजलं, कोणाच्या सहीनं सुटलं, हे तिनं विचारायची सोय मात्र त्या मशीनला नाही. त्याला एकच बाजू आहे, आणि ती बाईच्या बाजूला वळवून ठेवलेली आहे.

'लाडकी बहीण' योजनेचंही तेच. २०२४ मध्ये, विधानसभेच्या निवडणुकीआधी, अर्ज भराभर मंजूर झाले. निवडणूक झाली, तिजोरीनं डोळे वटारले, आणि पुढच्या वर्षी छाननीत निघालं की दीड हजार रुपये घेणाऱ्यांत चौदा हजारांवर पुरुषही होते. मग सप्टेंबर २०२५ पासून बहिणींना ई-केवायसी. स्वतःचा आधार द्या, शिवाय नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा द्या. नवरा वारलाय, वडीलही नाहीत, अशा बायकांनी कोणाचा द्यायचा हे विचारेपर्यंत मुदत संपत आली, मग ती वाढवली. ठीक आहे, सरकारी पैसा आहे, तपासणी व्हायलाच हवी. पण पुरुषाचा अर्ज 'बहीण' म्हणून पुढं जातो तेव्हा त्याला कुठंतरी, कोणाच्या तरी लॉगिनमधून 'मंजूर' असं बटण लागलेलं असतं. त्या बटणावरच्या बोटाची ई-केवायसी कधी आहे? तिची शेवटची तारीख कोणती? मी वाट बघतोय.

मंत्रालयाच्या दारावर २०२५ मध्ये चेहरा ओळखणारी यंत्रणा बसली. सामान्य माणसानं आधी 'डिजीप्रवेश' अ‍ॅपवर नाव घालायचं, कोणत्या खात्यात जायचं ते सांगायचं, मग आत. आत गेलेला माणूस किती वाजता गेला हे यंत्राला कळतं. त्याची फाईल आत कधी गेली आणि कोणत्या टेबलावर झोपली, हे कळत नाही. वास्तविक ते कळवणं चेहरा ओळखण्याहून फार सोपं आहे. फाईलला दाढी वाढत नाही, चष्मा लागत नाही.

सरकारी माणसाच्या ओळखीसाठी यंत्र आलंच नाही असं नाही. आलं, पण हजेरीपुरतं. २०१४ मध्ये केंद्र सरकारनं आधारवर चालणारी हजेरी सुरू केली, आणि सुरुवातीला तर कोण किती वाजता आला-गेला हे कुणालाही वेबसाइटवर बघता येत होतं. महाराष्ट्रात महसूल खात्यानं २०२५ मध्ये फेस अ‍ॅपवरची हजेरी सक्तीची केली: नेमणुकीच्या ठिकाणाहूनच चेहरा दाखवा, नाहीतर पगार नाही. वर्तमानपत्रांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असत्या, पण हजेरीनं कळतं ते एवढंच की चेहरा हजर आहे. चेहऱ्यामागच्या माणसानं दिवसभर काय केलं, कोणता अर्ज वाचला आणि कोणता खालच्या खणात सारला, ते हजेरीपटात येत नाही. आपल्या कचेऱ्यांत काम अडतं ते साहेब नाहीत म्हणून कमी, आणि साहेब आहेत म्हणूनच जास्त.

आणि हजेरीला पळवाटाही फुटतातच. रोजगार हमीच्या कामावर मजुरांचे दिवसातून दोनदा फोटो काढून अ‍ॅपवर चढवायचे, असा नियम झाला. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास खात्यानंच राज्यांना पत्र लिहून कळवलं की भलतेच फोटो चढताहेत, फोटोचेच फोटो काढून चढताहेत. मजूर कागदावर, मजुराचा फोटो फोटोवर.

या काम अडवण्यावर खरा उतारा आपल्या घरात वीस वर्षं पडून आहे. त्याचं सरकारी नाव वाचायला दम लागतो, म्हणून लोक त्याला 'दफ्तर दिरंगाई कायदा' म्हणतात. २००५ चा कायदा, अण्णा हजारेंनी ज्यासाठी उपोषणाची हत्यारं परजली त्यांपैकी एक, १ जुलै २००६ पासून लागू. त्याचं कलम १० आपल्या देवघरात लावावं असं आहे. कोणतीही फाईल कोणत्याही सरकारी कर्मचाऱ्याकडं कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. तातडीची असेल तर चार दिवस. दुसऱ्या खात्याला विचारायची गरज नसेल तर ४५ दिवसांत अंतिम निर्णय, विचारायचं असेल तर तीन महिन्यांत. जाणूनबुजून दिरंगाई केली तर शिस्तभंगाची कारवाई. एवढं स्वच्छ लिहिलेलं कलम मराठीत दुसरं शोधून दाखवा.

मग अडलं कुठं? फाईल कोणत्या दिवशी कोणाच्या टेबलावर आली याची नोंद ज्याच्या टेबलावर ती आली त्याच्याच हातात होती. आवक बारनिशी त्याची, पेन त्याचं, तारीखही त्याचीच. सात दिवस मोजायचे कुठून, हेच ठरत नव्हतं. शिवाय २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली आणि हजारो फायली एकदाच निकाली निघाल्या.

इथं ही नवी ओळख-यंत्रणा खरोखर कामाची आहे. फायली संगणकावर चालवणाऱ्या ई-ऑफिसमध्ये फाईल उघडली की नाव, तारीख, मिनिट उमटतं. पुढं ढकलली की पुन्हा उमटतं. कोण किती दिवस बसून राहिला हे यंत्राला न विचारता ठाऊक असतं. म्हणजे कलम १० ला वीस वर्षं जे घड्याळ हवं होतं ते आता भिंतीवर टांगलेलं आहे. फक्त ते आपल्याकडं पाठ करून टांगलंय, आणि बाहेरून दिसत नाही. आपल्याला काय दिसतं? पोर्टलवर 'प्रक्रियेत'. कोणाच्या प्रक्रियेत? नाव नाही. हुद्दा नाही. सेवा हक्काचा कायदाही २०१५ पासून आहे, दिरंगाईला पाचशे ते पाच हजार रुपये दंडही आहे, पण दंड व्हायला आधी माणूस सापडावा लागतो. 'प्रक्रिया' नावाच्या इसमाला आजवर दंड झालेला नाही.

एक बारकावा, कचेऱ्यांत उठबस असणाऱ्यांना पाठ असलेला. मुदत संपायच्या आदल्या संध्याकाळी अर्ज 'त्रुटीत' टाकायचा. झेरॉक्स पुसट आहे. नावात काना राहिला. स्वयंघोषणापत्र जुन्या नमुन्यात आहे. अर्ज परत आपल्याकडं आणि दिवसांची मोजदाद पुन्हा शून्यापासून. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांची वारसनोंद एका कचेरीत अशीच फिरत राहिली. प्रत्येक खेपेला नवी त्रुटी, आणि प्रत्येक त्रुटी आधीच्या खेपेलाही दिसू शकली असती अशी. चौकशीला गेलं की साहेब व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये. बाहेर आले की सर्व्हर डाऊन. त्रुटी कोणी काढली, हे मात्र कागदावर नाही. सगळ्या त्रुटी एकदाच सांगायच्या, आणि प्रत्येक त्रुटीखाली काढणाऱ्याचं नाव यायचं, एवढा एक बदल केला तरी निम्म्या त्रुटी आपोआप बऱ्या होतील. पुसट झेरॉक्स सुद्धा वाचता यायला लागेल.

आता जमिनीकडं येऊ, कारण मावळात कुठूनही निघालं तरी शेवटी जमिनीवरच येतो. इथं मात्र सरकारचं कौतुक करायला हवं. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळायला लागला. पंधरा रुपये भरा, घरबसल्या उतारा घ्या, त्यावरचा क्रमांक टाकून कोणीही खरा-खोटा ताडून पाहावा. ई-फेरफारमध्ये खरेदीखत नोंदलं की फेरफार पुढं सरकतो, नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करतात. प्रत्येक पायरीवर डिजिटल सही. सही कोणाची, केव्हाची, सगळं यंत्रात. पूर्वी तलाठ्याच्या पिशवीत गाव असायचं, आता पुण्यात जमाबंदी आयुक्तांच्या देखरेखीखाली संगणकात आहे. उत्तम.

पण आपण मराठी माणसं. ओळख अस्सल असेल तर ती भाड्यानं देतो. तलाठी (२०२४ पासून त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पाटी बदलली, टेबल तेच) एक, गावं चार-पाच, कामं पन्नास. मग शेजारच्या खुर्चीवर एक पोरगा येऊन बसतो. त्याची नेमणूक नाही, पगार नाही, हजेरी नाही. लोक त्याला 'झिरो तलाठी' म्हणतात. सरकारी आकृतिबंधात नसलेलं आणि सगळ्या महाराष्ट्राला पाठ असलेलं हे पद आहे. डिजिटल सहीचं डोंगल त्याच्या लॅपटॉपला लागलेलं असतं, कधीकधी त्याच्याच किल्ल्यांच्या जुडग्यात असतं. पासवर्ड कॅलेंडरच्या मागं. तुम्ही उताऱ्यावर ज्यांची डिजिटल सही बघता, ते गृहस्थ त्या घटकेला तहसीलला बैठकीत असतात. सही त्यांची, बोट झिरोचं. उद्या प्रकरण शेकलं तर साहेब म्हणणार मला माहीत नाही, आणि झिरो तर कागदावर जन्मालाच आलेला नाही.

म्हणजे बघा: लावणीहून आलेल्या बाईचं बोट दहादा तपासलं जातं, आणि कोट्यवधींच्या जमिनीचा मालक बदलणारं बोट एकदाही तपासलं जात नाही. डोंगल लावल्यावर अंगठा किंवा चेहरा त्याच अधिकाऱ्याचा हवा, तोही प्रत्येक सहीला, एकदा सकाळी लॉगिन करून दिवसभर उघडं ठेवायचं नाही: हे करायला नवं काही शोधून काढावं लागत नाही. रेशन दुकानातलं मशीन उचलून तलाठी कार्यालयात ठेवलं तरी पुरे. तसंच कलम १५५ चं. सातबाऱ्यातली लेखनाची चूक दुरुस्त करायला हे कलम आहे, काना-मात्रेसाठी. त्याच्या आडून नावंच्या नावं आत-बाहेर होतात अशा तक्रारी इतक्या झाल्या की सरकारलाच चौकशा लावाव्या लागल्या. दुरुस्तीच्या प्रत्येक आदेशावर देणाऱ्याचं नाव उताऱ्यातच छापा. मालकाचं नाव छापता, मग मालक बदलणाऱ्याचं छापायला शाई कमी पडते का?

मावळात या गोष्टी हसत बोलताना आवाज जरा खाली येतो. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी हेच करत होते. माहितीच्या अधिकारात कागद मागवायचे, एकाला एक लावून वाचायचे, एक्स्प्रेस-वेच्या बाजूच्या जमिनींचे व्यवहार बाहेर काढायचे. १३ जानेवारी २०१० च्या सकाळी फिरायला बाहेर पडलेले असताना त्यांचा खून झाला. त्याआधी त्यांनी पोलीस संरक्षण मागितलेलं होतं. सीबीआयनं तपास बंद करायचा अहवाल दिला, मग तो पुन्हा उघडला, मग पुन्हा बंद करायला निघाले. त्यांना कोणी मारलं हे न्यायालयात आजवर सिद्ध झालेलं नाही. कागद मागणाऱ्याचं नाव, पत्ता, मोबाइल अर्जावर ठळक असतो, आणि ज्याच्याविरुद्ध कागद मागितला त्याच्यापर्यंत हा अर्ज पोहोचायला सात दिवस लागत नाहीत. दिरंगाई नसलेलं सरकारी काम बघायचं असेल तर हे एक.

इतकं सगळं केलं, डोंगलला अंगठा जोडला, घड्याळ बाहेर वळवलं, तरी एक भोक राहतंच. पुण्यातलं मुंढव्याचं प्रकरण आठवा, नोव्हेंबर २०२५ मधलं. चाळीस एकर जमीन, तीनशे कोटींचा व्यवहार, आणि मुद्रांक शुल्क पाचशे रुपये. बोंब झाल्यावर यंत्रणेनं विजेच्या वेगानं माणसं शोधली: दुय्यम निबंधक निलंबित, तहसीलदार निलंबित. नोंदणी संगणकावर, त्यामुळं कोणाच्या लॉगिननं दस्त नोंदला हे शोधायला वेळ लागला नाही. चौकशी चालू आहे, ती होईल तशी होवो. माझा मुद्दा वेगळा. लॉगिनमध्ये सापडतो तो नेहमी खालचा माणूस. 'वरून फोन आला होता' यातल्या फोनला लॉगिन नसतं. आपल्याकडं सर्वात मोठे आदेश तोंडी असतात आणि सर्वात किरकोळ आदेश चार प्रतींत.

सर्वोच्च न्यायालयानं ३१ ऑक्टोबर २०१३ ला, टी. एस. आर. सुब्रमणियन यांच्या याचिकेवर, हेच सांगितलं होतं: अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशांवर चालू नये, आदेश आला तर तो नोंदवून ठेवावा. आयएएस अधिकाऱ्यांच्या १९६८ च्या वर्तणूक नियमांतही वरिष्ठांचा आदेश सहसा लेखी असावा, तोंडी दिला तर नंतर लेखी पक्का करावा, असं आहे. म्हणजे नियम आहे, निकाल आहे. नाही ती फक्त जागा. ई-ऑफिसच्या पडद्यावर एक लहानसा रकाना करा: 'तोंडी आदेश. कोणाचा, कधीचा.' रिकामा ठेवला तर फाईल पुढं सरकू नये. पहिल्या आठवड्यात मंत्रालयात फोन वाजायचे थांबतील, आणि राज्याचं काम निम्म्यानं हलकं होईल. हा रकाना कोणी करणार नाही, हे मलाही माहीत आहे.

टेबलावर गेलेल्या दिवसांची किंमत काय असते तेही बघा. १५ जून २०२५, रविवार. इंदोरीजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळला. चार जणांचा जीव गेला, पन्नासच्या आसपास जखमी. पूल धोक्याचा आहे हे आधीपासून सगळ्यांना ठाऊक होतं, तसा फलकही होता. नव्या पुलासाठी आठ कोटी मंजूर झालेले होते, हेही नंतर सरकारनंच सांगितलं. मंजुरी आणि कुदळ यांच्या मध्ये जे दिवस गेले, त्यातला प्रत्येक दिवस कोणत्या तरी टेबलावर गेला. समिती नेमली गेली. गर्दी कशी जमली, फलक का पाळला नाही, पर्यटक कसे बेजबाबदार, यावर भरपूर बोलून झालं. फाईल कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणाकडं होती, अशी साधी यादी, नाव, हुद्दा, दिवस, पुलाच्या जागी पाटीवर लावली असती तर पाटी वाचणाऱ्यांचा धोक्याच्या फलकावरही विश्वास बसला असता.

हे सगळं स्वप्नरंजन वाटत असेल तर एस्टोनियाकडं बघा. अख्खा देश लोकसंख्येनं पिंपरी-चिंचवडहून लहान. २००२ पासून तिथं डिजिटल ओळखपत्र आहे, सरकारी खाती एकमेकांशी जोडलेली आहेत. पण नागरिकाला स्वतःचं पान उघडून बघता येतं की माझी माहिती कोणत्या सरकारी खात्यानं कधी उघडली. शंका आली तर विचारता येतं: का उघडली? कारणाशिवाय डोकावलेल्या पोलिसांवर, डॉक्टरांवर तिथं कारवाया झाल्यात. आपल्याकडंही आधारच्या वेबसाइटवर गेल्या सहा महिन्यांत आपला आधार कुठं कुठं तपासला गेला ते दिसतं, बघा जरूर. पण संस्थेचं नाव दिसतं, बोट कोणाचं ते दिसत नाही. आपण एस्टोनियाकडून कार्ड घेतलं, आरसा तिथंच ठेवून आलो.

उलट आपण दिवा मालवायच्या मागं आहोत. माहिती अधिकार कायद्याच्या ८(१)(जे) मध्ये पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारायला अटी होत्या: सार्वजनिक कामाशी संबंध नसेल किंवा खासगीपणावर विनाकारण घाला येत असेल तरच, आणि जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती माणसालाही नाकारता येणार नाही. वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यानं त्या अटी काढून टाकल्या, आणि नोव्हेंबर २०२५ पासून हा बदल लागू झाला. आता 'वैयक्तिक माहिती' एवढे दोन शब्द लिहिले की अर्ज फेटाळायला पुरेसे. कलम ८(२) मध्ये व्यापक जनहिताची खिडकी अजून उघडी आहे म्हणतात. आहे, पण ती उघडायची किल्लीही त्याच कार्यालयात ठेवलेली असते. तुंगार्लीतल्या केअरटेकरकडं तुमचा आधार असतो त्याचं या कायद्याला अजून फार वाटलेलं दिसत नाही. साहेबांची सही मात्र खासगी व्हायची भीती आहे.

कर्मचारी संघटना म्हणतील, आम्हालाही खासगीपण आहे. आहेच. साहेबांचा रक्तदाब, साहेबांचं कर्ज, साहेबांच्या मुलीचं लग्न, यातलं काही मला नको. पण सरकारी फाईलवर, सरकारी वेळेत, सरकारी पगारावर केलेली सही खासगी कशी? पुढं म्हणतील, माणसं कमी आहेत, एकाकडं पाच गावं. हे खरं आहे, आणि म्हणूनच नोंद हवी. कोणाच्या टेबलावर किती फायली चढल्यात हे जगाला दिसलं तर माणसं का कमी आहेत हा प्रश्न मंत्र्याला विचारता येईल. आज तो तलाठ्याला विचारला जातो, आणि तो झिरोकडं बोट दाखवतो.

लोणावळा नगरपरिषदेत जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासकाच्या हाती कारभार होता. डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. आता दारात यायला माणसं आहेत. येतील तेव्हा गटार आणि दिव्याच्या खांबासोबत एक जास्तीची मागणी करा: बांधकाम परवानगीच्या प्रत्येक आदेशाखाली तपासणी करणाऱ्याचं नाव आणि तपासणीची तारीख नगरपरिषदेच्या वेबसाइटवर. खर्च शून्य रुपये.

आणि तोवर हातावर हात ठेवून बसायची गरज नाही. कचेरीत अर्ज दिलात की पोच घ्या, शिक्का आणि आवक क्रमांकासह. सात दिवस जाऊ द्या. मग दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहितीच्या अधिकारात एकच विषय लिहा, दीडशे शब्दांच्या आत बसतो: "माझा अमुक क्रमांकाचा अर्ज आजपर्यंत कोणकोणत्या अधिकारी-कर्मचाऱ्यांकडे होता, त्यांची नावे व हुद्दे, प्रत्येकाकडे आल्याची व गेल्याची तारीख, आणि दफ्तर दिरंगाई कायद्याच्या कलम १० नुसार विलंबाबद्दल झालेली कार्यवाही." तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बहुतेक वेळा उत्तराच्या आधी कामच होऊन येतं. एकट्यानं पाठवू नका. गल्लीतल्या पाच-दहा जणांनी आपापल्या अर्जाबद्दल एकाच दिवशी पाठवा.